रिटर्न पंपाने मरीन टँक तापतोय? आधी खोक्यावरचे वॅट वाचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, चार बाय दीड बाय दीड फुटांचा मरीन टँक (खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी), खाली सम्प (फिल्टरची दुसरी छोटी टाकी), मासे म्हणजे दोन क्लाउन, एक टँग आणि चार डॅमसेल. रिटर्नला, म्हणजे सम्पमधलं पाणी परत वर टाकीत चढवायला, तासाला ४५०० लिटरचा, ९५ वॅटचा, पाण्यात बुडवून ठेवायचा पंप. जोर जास्त झाला म्हणून त्याचा कॉक अर्धा बंद केलेला. मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर गेलं आणि पंखा लावूनही ३०च्या खाली येईना. दुकानदार म्हणतो चिलर, म्हणजे पाणी गार करायचं मशीन, घ्या. तुम्ही विचारताय की पाणी न तापवणारा पंप कोणता, आणि बाहेर बसवायचा पंप घेतला तर काम होईल का.

मी गेली सतरा वर्षं ठाणे-मुलुंड-डोंबिवली पट्ट्यात मरीन टँक बसवतो आणि सांभाळतो. दर उन्हाळ्यात या प्रश्नाचे पाच-सहा फोन येतात. पाणी न तापवणारा पंप कुणीच बनवत नाही. पंप जेवढी वीज खातो तेवढी उष्णता कुठे ना कुठे बाहेर टाकतोच, आणि पंप पाण्यात बुडालेला असेल तर ती सगळी पाण्यातच जाते. म्हणून कंपनी कोणती हे नंतर बघू. तुमच्या टाकीला किती पाणी वर चढवायची गरज आहे आणि तेवढं पाणी कमीत कमी किती वॅटमध्ये चढतं, हे आधी ठरवायचं.

तुमच्या आकड्यांवरच हिशोब करू. टाकी आणि सम्प मिळून, रॉक आणि वाळूची जागा वजा करून, खरं पाणी २५० लिटर धरा. एक लिटर खारं पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.१ किलोज्यूल लागतात, म्हणजे तुमचं सगळं पाणी एक अंश तापायला साधारण १०२५ किलोज्यूल. ९५ वॅटचा पंप चोवीस तासांत ८२०० किलोज्यूलच्या वर उष्णता सोडतो. पाण्यातून काहीच उष्णता बाहेर गेली नाही, तर हा एकटा पंप दिवसाला आठ अंश चढवेल. तसं होत नाही, कारण काचेतून आणि मुख्य म्हणजे बाष्पीभवनातून उष्णता निघून जात असते. पण रोज आठ अंशांचा हा बोजा उतरवायचं काम तुमच्या पंख्याच्या डोक्यावर आहे. त्यात वेव्हमेकर (टाकीत पाणी हलवणारा छोटा पंप), स्किमरचा (फेसावाटे घाण काढणाऱ्या फिल्टरचा) पंप, पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही असेल तर त्याची ट्यूब, हे सगळं वेगळं.

आता दुसरी बाजू बघा. तुमच्या टाकीत वरती साधारण २१० लिटर पाणी आहे. सम्पमधून तासाला चार ते पाच फेऱ्या झाल्या की फिल्टरचं काम नीट चालतं, म्हणजे ८५० ते १०५० लिटर. पूर्वी दहा फेऱ्यांचा नियम सांगायचे. तेव्हा टाकीतला प्रवाहही रिटर्न पंपावरच अवलंबून असायचा. आता ते काम वेव्हमेकर करतो, तेही फार कमी विजेत, कारण त्याला पाणी चढवायचं नसतं, नुसतं ढकलायचं असतं. तासाला १००० लिटर पाणी सव्वा मीटर चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशोबाने किती शक्ती लागते माहितीये? साडेतीन वॅट. तुम्ही लावलेत ९५. त्यातले साडेतीन कामाला लागतात आणि बाकीचे थेट उष्णता होतात. ते साडेतीनसुद्धा पाणी परत खाली पडताना उष्णताच होतात.

अर्थात साडेतीन वॅटचा पंप बाजारात मिळणार नाही. छोट्या पंपांची कार्यक्षमता मुळातच कमी असते. पण १५ ते ३५ वॅटमध्ये तुमचं काम नक्की होतं. ९५चे २५ झाले तर ७० वॅटचा बोजा चोवीस तास कमी.

मीही हा धडा स्वतःच्याच टाकीवर शिकलो. सुरुवातीच्या काळात घरी चार फुटी टाकी होती. मोठा पंप म्हणजे चांगला पंप, या हिशोबाने शंभर वॅटच्या वरचा पंप घेऊन आलो. एप्रिलमध्ये पाणी ३१ झालं. मी दोष लाइटला दिला. तीन दिवस लाइट बंद ठेवले, मासे अंधारात, बायको विचारतेय की टाकी विकायला काढली का. थर्मामीटर ३०.५. शेवटी रात्री सम्पमधला स्पंज काढताना पंपाला हात लागला. पंप ज्या छोट्या कप्प्यात होता, त्या कप्प्यातलं पाणी शेजारच्या कप्प्यापेक्षा हाताला स्पष्ट कोमट लागत होतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या उन्हाळ्यात माझा एक यलो टँग गेला. पाणी तापलं की त्यात मावणारा ऑक्सिजन कमी होतो, २५ अंशांवर लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास असतो तो ३० अंशांवर सहाच्या जरा वर येतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशाला जास्त ऑक्सिजन लागत असतो. टँगसारख्या सतत पोहणाऱ्या माशाला हे आधी जाणवतं. तुमच्याकडेही टँग आहे, म्हणून सांगतोय.

आता पंप निवडताना सगळ्यात जास्त चूक कुठे होते ते सांगतो. खोक्यावर ठळक छापलेला 'लिटर प्रति तास' हा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचा असतो. आणि 'कमाल हेड' म्हणजे ज्या उंचीवर प्रवाह शून्य होतो ती उंची. तुमची गरज या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते. खोक्यात किंवा कंपनीच्या साइटवर एक वक्र दिलेला असतो, तो बघायचा. नसेल तर ढोबळमानाने सरळ रेष धरा: ३००० लिटर आणि ३ मीटर हेड असलेला पंप सव्वा मीटरवर साधारण १७०० ते १८०० लिटर देईल.

तुमचं हेड मोजताना सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत मोजा. पंप पाण्यात किती खोल आहे त्याचा संबंध नाही, कारण वरचं पाणी त्याला तेवढंच ढकलत असतं. तुमचा स्टँड अडीच फूट आणि टाकी दीड फूट असेल तर ही उंची ९०-९५ सेंटिमीटर भरेल. त्यात एल्बो (पाइपचे काटकोनी जोड) आणि पाइपचं घर्षण मिळवायचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला चार एल्बो दिसतात आणि पाइप बारीक वाटतोय. पंपाचं तोंड अर्धा इंची असलं तरी पुढचा पाइप पाऊण किंवा एक इंची घ्या, दोन एल्बो काढून तिथे जाड होज वळवा. शंभर-दोनशे रुपयांत प्रवाह वाढतो, म्हणजे आणखी छोट्या पंपावर भागतं. मी सव्वा मीटर धरलंय ते घर्षण मिळवून.

कॉक आवळून मोठा पंप चालवायच्या सवयीबद्दल बोलायलाच हवं, कारण हे फारच घरांत दिसतं. एसी, म्हणजे घरच्या विजेवर थेट चालणाऱ्या पंपाचा कॉक पुढच्या बाजूने आवळला तर वॅट थोडे उतरतात. पण प्रवाह निम्मा झाला म्हणून वीज निम्मी होत नाही. पाणी कमी आणि उष्णता जवळपास तेवढीच, असा तोट्याचा व्यवहार होतो. मागच्या, म्हणजे पाणी ओढायच्या बाजूने तर कधीच आवळू नका. पंपात पोकळी तयार होऊन खडखड सुरू होते आणि इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चक्र, खराब होतो.

डीसी, म्हणजे अडॅप्टरवर चालणाऱ्या पंपाची गोष्ट वेगळी आहे. कंट्रोलरने त्याचा वेगच कमी होतो. कागदावर बघितलं तर वेग निम्मा केल्यावर वीज आठव्या हिश्श्यावर येते. प्रत्यक्षात एवढी येत नाही, पण फरक मोठा असतो. शिवाय २४ व्होल्टचा अडॅप्टर बाहेर असतो, त्याची उष्णता पाण्यात जात नाही. पण इथेही एक खाच आहे. वेगासोबत हेड वर्गाच्या प्रमाणात पडतं. ३ मीटर हेडचा पंप ६० टक्के वेगावर ठेवला तर त्याचं कमाल हेड १.०८ मीटर उरतं. तुमची नुसती उंचीच ९०-९५ सेंटिमीटर आहे, म्हणजे वर नळीतून धार नाही, ठिबक येईल. लोक मग म्हणतात पंप खराब निघाला. तो खराब नसतो, वेग ८५ टक्क्यांवर नेला की हजार लिटर मिळतात. म्हणून डीसी घेताना फार मोठा घेऊन एकदम खाली आणण्यापेक्षा, ८०-८५ टक्क्यांवर तुमचं काम होईल असा घ्या. तुमच्यासाठी ३००० लिटर, ३ मीटर हेड, ३० वॅटच्या आसपासचा. त्या वेगावर तो २० वॅटच्या मागेपुढे खाईल.

डीसीचे तोटेही आहेत. कंट्रोलर आपल्याकडच्या दमट हवेत आणि मिठाच्या थरात टिकत नाही. तो कॅबिनेटच्या आत, सम्पच्या वर लटकवलेला मी इतक्या ठिकाणी बघितलाय की आता घरात शिरताच आधी तो शोधतो. भिंतीला, बाहेर, वरच्या उंचीला लावा. आणि बिघडला तर त्याच कंपनीचा मिळवावा लागतो, तो शनिवारी रात्री मिळत नाही. त्यामुळे ज्यांचं बजेट कमी आहे किंवा जे घरी फार वेळ नसतात, त्यांना मी आजही साधा, चांगल्या कंपनीचा ३०-३५ वॅटचा एसी पंप सुचवतो. त्याच्यात बिघडण्यासारखं एक इम्पेलर आणि एक शाफ्ट. २००० ते २२०० लिटर, अडीच मीटर हेड, एवढं पुरे. वीजबिलाचंही बघा: ७० वॅट वाचले तर वर्षाला ६१३ युनिट होतात. युनिटला ८-१० रुपये धरले तर नवा पंप स्वतःचे पैसे स्वतःच वसूल करतो.

इन्व्हर्टर असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप गुणगुणतो आणि जास्त तापतो. साइन वेव्ह असेल तर चिंता नाही.

बाहेर बसवायच्या पंपाबद्दल. त्याच्या मोटरला स्वतःचा पंखा असतो, त्यामुळे मोटरची बरीचशी उष्णता हवेत जाते, हे खरं. पाचशे-हजार लिटरच्या टाक्यांना मी तेच लावतो. पण तुमच्या आकाराला असे पंप मोठेच पडतात, आवाज करतात, आणि युनियनच्या जोडातून कधी ना कधी थेंब गळतो. शिवाय तुम्ही तो ठेवणार कुठे? कॅबिनेटमध्ये, दार बंद करून. मग ती हवा तापते, सम्पवरची हवा तापते आणि उष्णता फिरून पाण्यातच येते. ९५ वॅटचा पंप बाहेर काढण्यापेक्षा २० वॅटचा आत ठेवलेला बरा.

आता ज्या गोष्टी माझ्या हातात नाहीत त्या. नवा पंप लावल्यावर पाणी किती उतरेल? माझ्या अनुभवात अशा बदलाने अडीचशे-तीनशे लिटरच्या टाकीत दीड ते दोन अंश उतरतात. पण खोलीत एसी आहे का, टाकीवर झाकण आहे का, पश्चिमेची भिंत आहे का, यावर ते बदलतं. आणि सगळ्यात मोठा वाटा हवेतल्या ओलाव्याचा.

पंख्याचं काम माठासारखं असतं. पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. दिवसाला एक लिटर पाणी उडालं तर सरासरी २८ वॅट बाहेर जातात. म्हणजे तुमच्या जुन्या पंपाची एकट्याची उष्णता काढायला रोज जवळपास साडेतीन लिटर उडायला हवं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश असले तरी हवा कोरडी असते, माठ गार होतो आणि टाकीही. मी कोथरूडला एक टाकी बघतो, तिथे नुसत्या दोन छोट्या पंख्यांवर उन्हाळा निघतो, फक्त रोज आरओचं पाणी ओतून ओतून ते काका कंटाळतात. आपल्याकडे डोंबिवलीत माठाचं पाणी जेमतेम प्यायच्या लायकीचं होतं, हे तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर पंखा कितीही जोरात फिरवा, २७ अंशांच्या खाली जाता येतच नाही, आणि तिथवरही फक्त कागदावर.

बरेच जण इथेच फसतात. पाऊस लागला, आपल्याला गार वाटलं, की लोक निर्धास्त होतात. पण जुलैत २९ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली तर पंख्याची मर्यादा साडेसत्तावीसच्या वर असते, म्हणजे मेपेक्षा तसूभर वाईटच. बाष्पीभवन बरंच मंदावतं. त्यात पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद. 'बाहेर पाऊस पडतोय आणि टाकी ३०वर कशी' असे फोन मला जुलै-ऑगस्टमध्येच येतात. त्या दिवसांत पंखा तुम्हाला वाचवत नाही. तेव्हा पाण्यात टाकलेले वॅट कमी असणं हाच आधार.

म्हणून चिलर घ्यायचाच नाही असं मी म्हणणार नाही. तुमचं ध्येय फक्त मासे आणि रॉक असेल आणि पाणी २७-२८ला राहिलेलं चालत असेल, तर छोटा पंप, उघडं झाकण आणि पंखा यावर बहुतेक वर्ष निघेल. झाकणाच्या जागी जाळी लावा, मासे उड्या मारतात. पाणी वर्षभर २६वरच हवं असेल तर डोंबिवलीत चिलरला किंवा खोलीच्या एसीला पर्याय नाही. पण तेव्हाही आधी पंप बदला आणि मग चिलरचा आकार ठरवा. नाहीतर एका बाजूने ९५ वॅटचा हिटर चालू आणि दुसऱ्या बाजूने त्याला गार करायला चिलर, असा उद्योग होतो. आणि चिलर कॅबिनेटच्या आत ठेवू नका. तो गरम हवा फेकतो, ती खोलीत मोकळी गेली पाहिजे.

खरेदीच्या आधी एक काम करा. प्लगला लावायचा वॅटमीटर ऑनलाइन मिळतो. रिटर्न, स्किमर, वेव्हमेकर, यूव्ही, एकेक करून लावा आणि प्रत्यक्ष आकडे लिहा. खोक्यावरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा दरवेळी जुळत नाही, विशेषतः जुन्या पंपांत. घरात व्होल्टेज २४०-२५०ला गेलं तरी एसी पंप जास्त खातो. मग पाण्यात जाणाऱ्या वॅटची बेरीज करा. तुमच्या आकाराच्या टाकीत ही बेरीज लाइट सोडून ५०-६०च्या आत बसली की मी निश्चिंत असतो.

जुना पंप किती दिवसांत साफ केलाय हेही तुम्ही लिहिलं नाहीत. इम्पेलरच्या खोबणीत चुना बसला की मॅग्नेट घासत फिरतो, पाणी कमी येतं आणि पंप जास्त तापतो. तीन-चार महिन्यांनी पंप सोडवून पांढऱ्या व्हिनेगर आणि पाण्याच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशने खोबण घासा, साध्या पाण्याने धुवा. शाफ्ट सिरॅमिकचा असेल तर जपून, तो चटकन तुटतो आणि सुटा मिळेलच असं नाही.

नवा पंप बसवलात की दोन गोष्टी त्याच दिवशी बघा. पंप बंद करून वरचं किती पाणी सम्पमध्ये उतरतं ते बघा, सम्प काठोकाठ भरू नये. आणि वायर पाण्यातून निघून प्लगकडे जाण्याआधी खाली झुकलेली हवी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता मध्येच जमिनीवर पडेल. बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवून बसवून घ्या. खाऱ्या पाण्यात हात घालण्याआधी मी आजही सगळे प्लग काढतो.

जुना ९५ वॅटचा पंप भंगारात देऊ नका. मीठ मिसळायच्या ड्रममध्ये त्याला टाका. तिथे असा जोर लागतोच, आणि मीठ विरघळायला तास-दोन तासच चालवायचा असतो. फक्त रात्रभर चालू ठेवून झोपू नका. पन्नास लिटरच्या ड्रममध्ये तो तासाला दीड-पावणेदोन अंश चढवतो, आणि सकाळी तेच गरम पाणी बदलायला म्हणून टाकीत ओतलं जातं.